‘सहकार्य निर्देशांक’ निविदेतून वगळा: मनुष्यबळ आणि इमारत विभागांना खुले पत्र

प्रति,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख आणि इमारत व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

एसी आणि दिव्यांच्या नियंत्रण यंत्रणेसाठी निविदा काढताना तिच्यात हळूच एक ओळ घातली जाते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मागणी तीच: छतावरचे सेन्सर, ॲक्सेस कार्ड आणि वायफाय यांचा डेटा जोडून कोण कोणाशी किती मिसळतं याचा ‘सहकार्य निर्देशांक’ डॅशबोर्डवर दाखवावा. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

आम्ही हे सेन्सर बसवतो, जुळवतो आणि त्यांच्या नोंदी चाळतो. सेन्सरला विरोध करून आमचं पोट भरणार नाही. पण त्या ओळीत जे मागितलं आहे ते या उपकरणांना मोजताच येत नाही. तरीही पुरवठादार आकडा देतील, कारण आकडा देणं सोपं असतं.

छतावरच्या पांढऱ्या वाटीपासून सुरुवात करू. पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर माणसं मोजत नाही, सरकणारी ऊब टिपतो. त्याचं भिंग खोलीचे अदृश्य पट्टे पाडतं. अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की ‘कोणीतरी आहे’ अशी नोंद होते. एक माणूस आणि सहा माणसं त्याला सारखीच. स्क्रीनमध्ये डोकं घालून निश्चल बसलेला माणूस त्याच्या लेखी घरी गेलेला असतो. त्याच्या डोक्यावरचे दिवे विझू नयेत म्हणून शेवटच्या हालचालीनंतरही खोली काही काळ ‘भरलेली’ धरली जाते, सहसा १० ते २० मिनिटं. दिव्यांसाठी ही सोय उत्तम आहे. तीच नोंद बैठका मोजायला घेतली की घोळ सुरू होतो. हा ‘थांबा-काळ’ १५ मिनिटांचा असेल, तर विसरलेला चार्जर घ्यायला दहा सेकंद आत आलेल्या माणसामुळे खोलीच्या खात्यावर १५ मिनिटं पडतात. असे दहा चार्जर, की रिकाम्या खोलीचा वापर अडीच तास! सकाळी सातला केर-फरशीसाठी मावशी मजलाभर फिरतात, तेव्हा सगळ्या कॉन्फरन्स रूम एकामागून एक भरत गेल्यासारख्या दिसतात. एप्रिलमध्ये एसी बंद असलेल्या खोलीच्या भिंती ३२ अंशांवर गेल्या की त्वचा आणि भिंत यांच्या तापमानातला फरकच उरत नाही, आणि चालताफिरता माणूसही निसटतो.

पीआयआरऐवजी ८ × ८ बिंदूंचा उष्मा-सेन्सर लावला तर डोकी मोजता येतात, पण उंचीचा हिशेब आधी करावा लागतो. ६० अंशांच्या दृष्टिक्षेत्राचा सेन्सर २.७ मीटरवर बसवला तर फरशीवर त्याला साधारण ३ मीटरचा चौकोन दिसतो. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून १.२ मीटरवर असतं, आणि त्या पातळीवर तोच चौकोन १.७ मीटरचा होतो. माहितीपत्रकात छापलेला चौकोन फरशीवरचा असतो. दहा खुर्च्यांच्या टेबलावर असा एकच सेन्सर बसवला की कडेचे सहा जण बैठकीला आलेच नाहीत, असं निघतं.

कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर जास्त प्रामाणिक आहे, पण तो उशिरा बोलतो. ५ × ४ मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली घ्या, म्हणजे ५६ घनमीटर. तासाला तीन वेळा हवा बदलते असं धरू. बसून बोलणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा जण बराच वेळ बसले तर खोलीतली पातळी बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ६४० पीपीएमने (हवेच्या दर दहा लाख भागांत ६४० भाग) वर जाऊन थांबते, तिघं बसले तर ३२० ने. मात्र तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. पहिल्या वीस मिनिटांत सुमारे ६३ टक्केच चढ होतो. म्हणजे सहा जणांची चौदा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक आणि तिघांची तासभराची चर्चा, दोन्हींच्या शेवटी आकडा जवळपास तोच दिसतो. दर मिनिटाची नोंद ठेवली तर चढाच्या वेगावरून फरक ओळखता येतो. जागा वाचवायला पंधरा मिनिटांची सरासरी साठवली की तो पुसला जातो. आणि दार उघडं राहिलं तर दोन्ही हिशेब गेले.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे. स्वस्त सेन्सर आपला शून्यबिंदू आपोआप दुरुस्त करतात. आठवड्यातून कधीतरी खोली पूर्ण रिकामी होईल आणि हवा बाहेरच्याइतकी स्वच्छ होईल, असं गृहीत धरून त्या काळातला सर्वांत कमी आकडा ते ‘बाहेरची हवा’ मानतात. अमेरिकेच्या वेळेवर रात्रपाळी चालणाऱ्या मजल्यावर खोली कधी रिकामीच होत नाही. सेन्सर ६०० ला ४००, म्हणजे बाहेरची हवा, समजू लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांत दिवस-रात्रीचे सगळे आकडे खाली घसरतात. चोवीस तास चालणाऱ्या मजल्यांवर ही आपोआप दुरुस्ती बंद करा आणि दर सहा महिन्यांनी सेन्सर गच्चीवरच्या हवेत ठेवून हाताने जुळवा.

आता ॲक्सेस कार्ड. ‘हा तर आधीच आहे, फुकटचा डेटा’ म्हणून निविदेत सर्वांत जास्त भिस्त याच्यावर असते, आणि सर्वांत जास्त फसवतोही हाच. बहुतेक आतल्या दारांवर बाहेरच्या बाजूला कार्ड-रीडर असतो आणि आतल्या बाजूला नुसतं बटण. आत कोण आलं ते कळतं, बाहेर कधी गेलं ते नाही. नियम साधारण असा लावला जातो: एकाच दारातून ३० सेकंदांच्या आत दोघे गेले की ते ‘सोबत’. साडेनऊला कंपनीची बस लागते आणि चाळीस जण दोन मिनिटांत आत येतात. या नियमाने त्यांतल्या प्रत्येकाच्या वाट्याला दहा ते वीस ‘सोबती’ येतात. जे खरंच गप्पा मारत येतात, त्यांच्यातला एकच कार्ड लावतो आणि दुसऱ्यासाठी दार धरून ठेवतो. म्हणजे अनोळखी माणसं जोडली जातात आणि नेमकी खरी जोडी नोंदीतून गळते. एकेकालाच आत सोडणारा फ्लॅप बॅरियर तळमजल्यावर असतो. वरच्या मजल्यांवर दार धरण्याची माणुसकी चालूच असते.

त्यात घड्याळांची भर. एखादा दरवाजा-नियंत्रक जागतिक वेळेवर राहिला तर दुपारी एकचं जेवण सकाळी साडेसातला दिसतं. साडेपाच तासांची ही चूक कोणाच्याही डोळ्यांत भरते, म्हणून ती लगेच सापडते. चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ कोणालाच दिसत नाही आणि ३० सेकंदांच्या नियमाची पुरती वाट लावतं. तपासणी सोपी आहे: एक चाचणी कार्ड घ्या, मोबाइलच्या वेळेशी ताडत सगळ्या दारांवर एकदा फिरवा आणि प्रत्येक नोंदीतला फरक लिहा. पाच सेकंदांपेक्षा जास्त फरक असलेला नियंत्रक आधी दुरुस्त करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते कोणाच्याच जबाबदारीत लिहिलेलं नसतं.

वायफायबद्दल थोडक्यात. लॅपटॉप जवळच्याच ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पुरवणाऱ्या खोक्याला) जोडलेला असतो असं नाही. सकाळी जो मिळाला त्यालाच दुपारपर्यंत चिकटून राहणारे पुष्कळ असतात. स्लॅबमधून सिग्नल झिरपतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावरचा माणूस पाचव्यावर सापडतो. सिग्नलच्या ताकदीवरून काढलेल्या जागेत पाच-दहा मीटरची चूक सहज होते, आणि तेवढ्या अंतरात दोन वेगळ्या टीम बसतात. शिवाय माणूस चहाला गेला तरी लॅपटॉप टेबलावरच असतो.

टेबलावरच्या प्लगची वीज मोजून सहकार्याचं जाळं शोधण्याचा प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठात अँड्र्यू सोंटा आणि रिशी जैन यांनी केला आहे. कोण कधी टेबलावर आहे, कधी उठतो, आणि दोघांच्या या लयी एकमेकींशी किती जुळतात, ही त्यामागची कल्पना. चांगलं संशोधन आहे, त्याची टर उडवायची नाही. पण संशोधनात निष्कर्ष पडताळून पाहायचे असतात. डॅशबोर्डवर तो आकडा पडताळणीशिवायच खरा ठरतो. आणि आजच्या कार्यालयात लॅपटॉप बॅटरीवर टाकून माणूस दुसऱ्या टेबलावर जातो, मागे प्लगला फक्त मॉनिटर उरतो.

उपकरणं निर्दोष आहेत असं मानलं तरी गणित आडवं येतं. शंभर माणसांच्या मजल्यावर ४,९५० जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी ‘हे योगायोगाने घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी’ अशी कसोटी लावली, तरी कोणाचाच कोणाशी संबंध नसताना सुमारे २४८ जोड्या ‘जवळच्या’ ठरतात. वर्तुळं आणि रेषा काढून ते चित्र सभागृहात दाखवलं की फार पटतं. चित्रातली कोणती रेषा या २४८ पैकी आहे, ते चित्रच सांगू शकत नाही.

त्याहून मोठी अडचण सामाईक वेळापत्रकाची. पाळी एक, जेवणाची सुट्टी एक, सव्वासहाची बस एक. एकाच वेळी उठणारी माणसं एकमेकांसाठी उठत नसतात. यावर उपाय आहे: प्रत्येकाचे दिवस आपसात फेटायचे. ‘अ’चा एक सोमवार ‘ब’च्या दुसऱ्याच सोमवारशी लावायचा, हजार वेळा. वार तोच ठेवायचा, नाहीतर शुक्रवारची रिकामी कार्यालयं हिशेब बिघडवतात. अशा खोट्या जुळणीपेक्षा खरी जुळणी ठळकपणे जास्त असेल तरच पुढे बोलायचं. ही पायरी केली का, एवढा एकच प्रश्न पुरवठादाराला विचारा. उत्तर मिळायला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळेल.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, परदेशात तर हे झालं आहे. झालं आहे, पण ते कसं झालं तेही पाहा. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांची मुख्यालयं होती. भिंती आणि कप्पे काढून मोकळं कार्यालय केल्यावर समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटला आणि ईमेल वाढले. हे छतावरच्या सेन्सरने मोजलेलं नाही. सहभागी माणसांनी गळ्यात खास बॅज घातले होते; समोर कोण आहे ते इन्फ्रारेडने, कोण बोलतंय ते मायक्रोफोनने टिपलं जात होतं, आणि बोलण्यातला मजकूर साठवला जात नव्हता. आमच्या मते त्यातला धडा हा: त्याच मजल्यावर तुमचे पीआयआर असते तर दाटी वाढली म्हणून त्यांनी ‘सहकार्य वाढलं’ असाच निष्कर्ष दिला असता.

जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ वृत्तपत्राने पत्रकारांच्या टेबलांखाली उष्णता आणि हालचाल टिपणारी छोटी खोकी बसवली. कारण सांगितलं ते ऊर्जाबचतीचं. पत्रकारांनी आणि त्यांच्या संघटनेने आवाज उठवताच ती काढावी लागली. खोकी ऊर्जेसाठी असतीलही, पण टेबलाखालची खोकी टेबलाच्या मालकाबद्दल बोलते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सेन्सर खोलीच्या छतावर आहे की माणसाच्या टेबलाखाली, यावर बरंच काही ठरतं.

मग करायचं काय? पहिल्यांदा टेप घ्या. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात संशोधन-अभियंत्यांवर केलेल्या कामातून दिसलं होतं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढतं तशी बोलण्याची शक्यता झपाट्याने घटते आणि सुमारे ५० मीटरच्या पलीकडे ती जवळपास सपाट होते. मजल्याच्या नकाशावर दोन टीममधलं चालण्याचं अंतर मोजायला एकही सेन्सर लागत नाही. विकास करणारी टीम सहाव्यावर आणि चाचणी करणारी दुसऱ्यावर असेल, तर निर्देशांक विकत घेण्याआधी जागा बदलून पाहा.

सेन्सर वापरायचेच तर प्रश्न खोलीबद्दलचे ठेवा. दहा खुर्च्यांच्या खोलीत दोघंच बसतात का? आरक्षित खोल्यांपैकी किती रिकाम्या राहतात? पॅन्ट्रीत दुपारी दीडला बसायला जागा मिळते का? याची उत्तरं हे सेन्सर चांगली देतात, आणि माणसं कुठे भेटू शकतात किंवा शकत नाहीत हे त्यातूनच कळतं. आधी पाच दिवस एक माणूस पाटी-पेन घेऊन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दर अर्ध्या तासाला फेरी मारू दे. प्रत्येक खोलीत किती डोकी, एवढंच लिहायचं, नावं नाहीत. बारा खोल्या असतील तर १७ फेऱ्यांच्या हिशेबाने आठवड्यात १,०२० नोंदी होतात. त्या सेन्सरच्या नोंदींशी ताडा. रिकामी खोली भरलेली किंवा भरलेली रिकामी असं दहापैकी एकापेक्षा जास्त वेळा निघालं, तर तो सेन्सर हलवा किंवा त्याचा थांबा-काळ बदला, अहवाल नंतर.

बदलाच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे मोजा, पण दोन्ही एकाच हंगामातले हवेत. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यातला अर्धा मजला घरून काम करतो. जुलैत हिंजवडीचा रस्ता तुंबला की हजेरी कोसळते. या आठवड्यांशी तुलना केलीत तर नव्या सोफ्याला पावसाचं श्रेय मिळेल.

आणि टपरी विसरू नका. कार्यालयातला महत्त्वाचा बराचसा संवाद फाटकाबाहेर कटिंग हातात घेऊन होतो, आणि तो तिथेच होतो कारण तिथे कोणी मोजत नाही. सेन्सरच्या नोंदीत ही वीस मिनिटं ‘जागेवर नाही’ अशी येतात. ज्याला चहा चालत नाही, जिला त्या टोळक्यात उभं राहणं रुचत नाही, त्यांची अनुपस्थिती वेगळ्या कारणाची असते; तीही नोंदीत दिसत नाही. हाउसकीपिंग आणि सुरक्षेची माणसं तर बहुतेकदा आलटूनपालटून तात्पुरती कार्डं वापरतात. मजल्यावरच्या सगळ्यांशी बोलणारी हीच माणसं, पण जाळ्याच्या चित्रात ती नसतात.

कायद्याचं. ‘नावं काढून टाकलीत, आता डेटा अनामिक झाला’ हे वाक्य निविदेच्या उत्तरात हमखास असतं. सहा अंकी कर्मचारी-क्रमांकाचा हॅश (सूत्राने बनवलेलं सांकेतिक रूप) केला तर शक्य क्रमांक फक्त दहा लाख; साधा लॅपटॉप ते सगळे काही सेकंदांत तपासून मूळ क्रमांक काढतो. गटाची सरासरी दाखवली तरी दहा जणांचा कालचा आकडा आणि एक जण रजेवर असताना नऊ जणांचा आजचा आकडा शेजारी ठेवला की त्या एकाचा अंदाज येतो. म्हणून दहापेक्षा लहान गटाचा आकडा दाखवू नये आणि गटांचा अहवाल रोज नव्हे, महिन्याला द्यावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ रोजगाराच्या कारणांसाठी काही मुभा देतो. तिच्यात ‘कोण कोणाशी बोलतो’ हे सहज बसेल असं समजून चालू नका. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. संमती मागायची तर ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. केर काढणाऱ्या मावशींना सूचना मराठीत मिळाली का, हे पाहणं तुमचं काम आहे.

अप्रेझलमध्ये हा आकडा वापरला तर काय होईल हे सांगायला सेन्सर नको. माणसं पॅन्ट्रीत लॅपटॉप मांडून बसतील.

निविदेतली ती ओळ काढून तिच्या जागी घालायचा मसुदा देत आहोत, जसाच्या तसा उचलावा:

‘सेन्सर सामाईक खोल्यांच्या आणि मार्गिकांच्या छतावरच बसवावेत, वैयक्तिक टेबलांखाली नाहीत. कार्ड आणि वायफायच्या नोंदी सेन्सरच्या नोंदींशी व्यक्तिनिहाय जोडू नयेत. कच्च्या नोंदी ३० दिवसांनी पुसाव्यात. त्यानंतर खोलीनिहाय एकत्रित आकडेच ठेवावेत. देयक मंजूर करण्यापूर्वी पुरवठादाराने पाच दिवसांच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडलेला अहवाल आणि सर्व नियंत्रकांच्या घड्याळांतील फरकाचा तक्ता सादर करावा.’

कळावे,
आपले,
इमारत-नियंत्रण आणि सेन्सर-विश्लेषणाचं काम करणारे काही अभियंते